चिंध्या निवडताना

पेंढारकरांची खुर्ची हातगाडीवर बांधून आली
मालवा मिलच्या आमच्या गल्लीत.
"भिया, रस्सी सोडू का?" गाडीवाला विचारतोय
तोवर मागच्या रिक्षातून बाई उतरल्या, थेट लोकमान्य नगरहून,
काखेत गाठोडं.
"यांनी केली. अर्धी राहिली.
यांच्याच कपड्यांनी पॉलिश करा."

खुर्ची चांगली होती, खोटं कशाला बोलू.
बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं गच्चीवर बसून केलेली,
सांधे घट्ट, पाठीच्या पट्ट्या सरळ.
फक्त डाव्या हाताखाली रंधा अडखळलेला,
तिथे सागाचे रेषे उभे,
झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारखे.

गाठोडं सोडलं.
वर सफारीचे दोन जोड.
टेरिकॉट, बाई. हे तेल पीत नाही,
नुसतं इकडून तिकडे ढकलतं.
हा स्वेटरही नको. लोकर केस सोडते
आणि पॉलिशखाली अडकलेला एक केस
जन्मभर दिसतो.
हा लेंगा कोरा, घडीसुद्धा मोडलेली नाही, यात खळ आहे.
"दिवाळीचा," त्या म्हणाल्या, आणि तो बाजूला ठेवला.

सुती शर्ट चालतील, पण बटणं काढावी लागतील,
शिवणीही. एक धागा पुरतो रेघ ओढायला.
त्यांनी लोकेशकडून ब्लेड मागून घेतलं,
स्टुलावर बसल्या,
एकेक बटण काढून पदराच्या टोकात.

तळाशी सहा बनियन.
विरलेले, काखेत पिवळट, एकाला तर भोकं.
"अगंबाई, हे चुकून आले," म्हणत त्यांनी हात पुढे केला.
मी म्हटलं, हेच तर हवं होतं.

माझे वडील साचाखात्यात होते.
कापड कानाशी धरून बोटांत चोळायचे.
आवाज आला तर ते अजून दुकानाचं,
नाही आला तर आपलं.
गिरणीला कुलूप लागलं तेव्हा घरी आला
पगाराऐवजी हातभर मांजरपाट.
त्याचा तळव्याएवढा तुकडा माझ्याकडे आहे,
शेवटचा हात मी त्यानंच फिरवतो. लोकेशला देत नाही.

बनियन कानाशी धरला. काही नाही.

शर्टाच्या फडक्यानं जवसाचं तेल दिलं, रात्रभर मुरू दिलं, पुन्हा दिलं.
मग बनियनचा बोळा, आत कापूस, वर एकही चुणी नाही,
मेण टर्पेंटाईनमध्ये विरघळवून,
इंग्रजी आठासारखा फिरवत. आपला आठ
या कामाचा नाही, तो उघडाच राहतो.

"फडकी परत मिळतील?"
मिळतील, पण आधी तारेवर पसरून वाळू द्या.
तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकलं
की आतल्या आत तापतं.
काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.
याच लोकेशनं एकदा टाकलं होतं,
पहाटे भुसा धुमसत होता.
बाई बराच वेळ तारेकडे बघत होत्या.
"गोळा करून नाही ठेवायचं," म्हणाल्या,
मला की स्वतःला, कोण जाणे.

आठवड्यानं आल्या. बसल्या.
उजवा हात खुर्चीवरून फिरवला,
मग डावा, खालच्या बाजूनं, हळूहळू,
पुढे, मागे, परत पुढे.
"इथे जरा खडबडीत होतं."
होतं. मी घासून टाकलं होतं पहिल्याच दिवशी,
दीडशेचा कागद, मग दोनशेवीसचा,
सवयीनं, काही विचार न करता.
"छान झालीय," त्या म्हणाल्या.
फडकी पापडासारखी कडक झाली होती,
तरी मोजून घेतली.
पैसे त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त दिले, मी घेतले.

एक बटण राहिलं इथेच.
पावसाळ्यानंतर भुसा उपसताना सापडलं,
चार भोकांचं, पांढरं.
लोकमान्य नगर काही लांब नाही.
चपड्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवलंय,
डबा उघडताना रोज उचलतो,
रोज परत ठेवतो.